मऊ बोल्टच्या बाजूने

कोळशाची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं भांडण नीट करता येईल. मी दक्षिण पोलंडमध्ये राहतो. क्राकूफहून पूर्वेला बोख्न्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर एक गाव आहे, तिथे एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला आहे आणि त्या घराच्या तळघरात कोळशाचा बॉयलर आहे. जानेवारीत वारा पडला की इथल्या हवेला चव येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीत युरोपीय संघातल्या सर्वांत प्रदूषित ५० शहरांपैकी ३३ पोलंडमधली होती. त्यात मोठा वाटा कारखान्यांचा नव्हता, घराघरांतल्या अशाच चुलाण्यांचा होता. क्राकूफ शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड जाळायला पूर्ण बंदी घातली. उत्तम केलं. आमच्याही तळघरातला बॉयलर जायला हवा, आणि तो जाणार आहे.

माझं भांडण एका वाक्याशी आहे. गेल्या हिवाळ्यात ते मी तिघांकडून ऐकलं. बॉयलर दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ, माझ्या टीममधला एक सहकारी आणि पुण्याहून फोनवर बोलणारा मावसभाऊ. तिघांचं म्हणणं एकच, "आता त्यात कशाला पैसे घालायचे? नवंच घ्या." वरवर व्यवहारी वाटणाऱ्या या वाक्यामागे एक समजूत दडलेली असते. ज्या यंत्राचे भाग झिजतात, बदलावे लागतात, ते मागासलेलं आणि ज्याचं झाकण उघडताच येत नाही ते आधुनिक. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ही नुसती समजूत नाही, ती कुळाचार आहे. त्या कुळाचाराविरुद्ध चार शब्द लिहायचे आहेत, आणि त्यासाठी तळघरात उतरावं लागेल.

बॉयलर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक तर साखर कारखान्याची चिमणी येते, नाहीतर न्हाणीघरातला गीझर. आपल्या जुन्या बंबाची आठवण ठेवली तर हे यंत्र समजायला सोपं जातं. मध्ये जाळ, भोवती पाणी. फरक इतकाच की बंबाचं पाणी अंगावर घ्यायचं असतं, इथलं पाणी पंपाने घरभर फिरून रेडिएटर तापवतं आणि थंड होऊन परत येतं. पोलादी पत्र्याची दुहेरी भिंत आणि त्या दोन भिंतींच्या पोटात पाणी. बाजूला गिरणीच्या वर असतो तसा कोळशाचा डबा. त्यात वाटाणा ते सुपारी एवढ्या आकाराचा, ५ ते २५ मिलिमीटरचा कोळसा. त्याला इथे 'एकोग्रोशेक' म्हणतात. 'ग्रोशेक' म्हणजे मटार. कोळशाला 'एको' लावणाऱ्याला दंडवत, पण ते असो. डब्याच्या बुडाशी नळी, नळीत मळसूत्री दांडा. मोटर तो सावकाश फिरवते आणि कोळसा ढकलत ओतीव लोखंडाच्या शेगडीत खालून वर आणते. पंखा हवा देतो. वर एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबा हे सगळं चालवतो.

यातलं प्रत्येक जण झिजतं, आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे झिजतं.

मळसूत्री दांडा झिजतो तो जाळाकडच्या टोकाला. तिथे कोळसा अर्धवट जळून खरखरीत झालेला असतो, उष्णता असते, आणि कोळसा ओला असेल तर त्यातलं गंधक पाण्याशी मिळून लोखंड खातं. दांड्याचं पातं जुन्या खुरप्यासारखं पातळ होत जातं. मग पातं आणि नळी यांच्यातली फट वाढते, तिथे भुगा बसतो आणि मोटरवर ताण येतो. पण खरी गंमत पुढे आहे. वरच्या डब्यातल्या प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही. त्याला सांगितलेलं असतं की इतके सेकंद फिरव, इतके सेकंद थांब. तो सेकंद मोजतो, कोळसा मोजत नाही. पातं झिजलं की त्याच दहा सेकंदांत कमी कोळसा पुढे जातो, हवा मात्र तितकीच येते आणि जळण बिघडतं. पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. ज्यांनी कधी प्रॉडक्शनमधला डॅशबोर्ड पाहिला आहे, त्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

दाराच्या कडेने काचतंतूंचा विणलेला दोर खोबणीत बसवलेला असतो. उष्णतेने तो कडक होतो, दबतो आणि दार घट्ट बसेनासं होतं. हे तपासायची रीत इतकी सोपी आहे की कोणालाही जमावी. बॉयलर थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. निसटली तर दोर गेला. गेलेल्या दोराच्या फटीतून नको तिथून हवा शिरते. शेगडीच्या वर टांगलेली सिरॅमिकची चकती ज्वाला परतवते, म्हणजे वायू पूर्ण जळून मगच धुराड्याकडे जातात. तिला तडा जातो, एक दिवस तुकडा पडतो. शेगडीच्या कडांवर राख वितळून खंगर धरतो, तो खरवडताना कडा तुटते. यातलं काहीही महाग नाही. पण यातलं काहीही बिघडलं की धूर बदलतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता बोल्ट. मोटरचा गिअर आणि मळसूत्री दांडा यांना जोडणारा पाच-सहा मिलिमीटर जाडीचा साधा, मऊ पोलादाचा बोल्ट. कोळशात दगड आला, खाणीतला लोखंडाचा तुकडा आला, दांडा अडकला, की हा बोल्ट कापला जातो. मोटर मोकळी फिरत राहते, गिअर वाचतो. बोल्ट पावाच्या लादीपेक्षा स्वस्त, गिअर मात्र महिन्याच्या किराण्याएवढा. ज्या कोणी हे आखलं त्याने आधीच कबूल केलं की काहीतरी तुटणार आहे, आणि मग शांतपणे ठरवलं की काय तुटावं. मी आजवर वाचलेल्या सगळ्या 'फॉल्ट टॉलरन्स'च्या सादरीकरणांपेक्षा या बोल्टमध्ये जास्त इंजिनिअरिंग आहे.

लोकांना तो वारंवार बदलायचा कंटाळा येतो. मग कोणीतरी डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला टणक बोल्ट घालतं. आमचे घरमालक सत्तरी पार केलेले आहेत. मी त्यांना 'पान' म्हणतो, म्हणजे आपल्याकडचं 'साहेब' आणि 'राव' यांच्या मधलं काहीतरी. हे लिहिताना मात्र आजोबाच म्हणेन. त्यांना मी विचारलं, की शेजारी टणक बोल्ट घालतात, मग तुम्ही का नाही? ते म्हणाले, "हा नाही तुटला तर दुसरं काहीतरी तुटेल. हा माझ्याकडे डब्यात आहे. ते दुसरं नाहीये." मोरंब्याच्या बरणीएवढा काचेचा डबा, त्यात वीस-पंचवीस बोल्ट.

२०२२ मध्ये या बरणीचा तळ दिसला होता. युक्रेनवर हल्ला झाल्यावर पोलंडने रशियन कोळसा बंद केला. घरात जाळायच्या कोळशातला मोठा भाग तिथूनच यायचा. भाव टनाला ३००० झ्लॉटींवर गेले, सरकारने कोळसा जाळणाऱ्या घरांना ३००० झ्लॉटींची मदत दिली, आणि ऑगस्टच्या उन्हात बोग्दान्का खाणीबाहेर लोक गाड्यांच्या रांगेत दिवस दिवस थांबले. कोलंबियातून, इंडोनेशियातून जहाजं आली. त्या मालात भुगा फार, म्हणून पुन्हा चाळायचा, तरी ओला आणि दगडमिश्रित. आजोबांच्या सांगण्याप्रमाणे, एरवी पाच-सहा हिवाळे टिकणारा दांडा त्या मालाने दोन हिवाळ्यांत खाल्ला. भू-राजकारणाचा परिणाम मी लेखांतून वाचला होता. खुरप्यासारख्या झालेल्या पात्यावर तो हाताने चाचपता येतो.

हे सगळे भाग बदलता येतात. एक मात्र सहसा येत नाही, आणि कायद्याची सगळी गुंतागुंत तिथेच आहे. तो भाग म्हणजे पाणी धरणारी ती दुहेरी भिंत. रेडिएटरमधून परत येणारं पाणी फार थंड असेल, साधारण ५५ अंशांच्या खाली, तर धुरातली वाफ त्या थंड पत्र्यावर दव धरते. गंधकामुळे ते दव आम्लाचं असतं. पत्रा आतून खरवडला जातो, बहुधा मागच्या, खालच्या कोपऱ्यात, जिथे कोणी वाकून बघत नाही. त्यावर चार तोंडांचा मिसळणारा व्हॉल्व्ह असतो. तो थोडं गरम पाणी परतीच्या पाण्यात सोडतो. पण कोळसा वाचवायचा म्हणून लोक बॉयलर ४५ अंशांवर ठेवतात आणि कोळशाच्या चार गोणी वाचवून बॉयलर मारतात.

आमचा बॉयलर २०१६ चा, युरोपीय मानकाप्रमाणे पाचव्या वर्गाचा, म्हणजे त्या काळी मिळणाऱ्यांत सर्वांत स्वच्छ. आम्ही राहतो त्या मावोपोल्स्का प्रांतात वर्ग नसलेले जुने धुरकट बॉयलर, ज्यांना इथे तुच्छतेने 'कोप्चुख' म्हणतात, ते ३० एप्रिल २०२४ नंतर बेकायदा झाले. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाला २०२६ च्या अखेरपर्यंत मुदत. आणि १ जुलै २०१७ च्या आधीपासून चालणाऱ्या पाचव्या वर्गाच्या बॉयलरला मुभा, 'आयुष्य संपेपर्यंत'.

कोणाचं आयुष्य? आजोबांनी आतापर्यंत मोटर बदलली, दांडा दोनदा बदलला, शेगडी, पंखा, चकती, दोर बदलले. २०१६ सालचं उरलंय काय, तर दुहेरी भिंत आणि तिच्यावर रिव्हेट मारलेली पाटी. हा नुसता तत्त्वज्ञानाचा खेळ असता तर मी सोडून दिला असता. पण तपासणीला येणारा माणूस पाटी बघतो. शेजारच्या श्लॉन्स्क प्रांतात तर वयच मुळी पाटीवरच्या तारखेवरून धरतात, आणि ज्याच्यावर पाटीच नाही त्याचा नंबर सर्वांत जुन्यांबरोबर लावला, २०२१ च्या अखेरपर्यंत काढा म्हणून. तो नियम राकट आहे, पण निदान त्यात तारीख आहे. आमच्याकडच्या नियमात मरण आहे आणि मरणाची व्याख्या नाही.

याचा परिणाम उलटाच होतो. पाटीवरचा पाचवा वर्ग प्रयोगशाळेत मोजलेला असतो, नव्या बॉयलरवर, सुक्या आणि नेमक्या कोळशावर. दहाव्या वर्षी धुराड्यातून काय बाहेर पडतं हे त्या पाटीला माहीत नाही. ते दोराला माहीत असतं, चकतीला, पात्याला माहीत असतं. म्हणजे दोर वेळच्या वेळी बदलणारा आणि तडा गेलेल्या चकतीवर तीन वर्षं काढणारा, दोघेही कायद्यापुढे सारखे. आणि भिंत गळायला लागली की वेल्डर बोलावून आतून ठिगळ मारणारा तर कायद्याने जिवंत ठेवलेलं भूतच जाळतो. नियमाने दुरुस्तीला उत्तेजन दिलं ते नेमकं चुकीच्या जागी.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. तिथे बॉयलरचं वय हा प्रश्न असा विचारलाच जात नाही. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने चालत आलेली पद्धत अशी की बॉयलर चालवायला प्रमाणपत्र लागतं आणि ते फार तर वर्षभर टिकतं. गळीत हंगाम संपला की सगळं खोलायचं, नळ्या बघायच्या, पाण्याच्या दाबाची चाचणी द्यायची, तेव्हा पुढच्या हंगामाचा कागद मिळणार. २५ वर्षं झाली की 'उरलेल्या आयुष्याची' वेगळी तपासणी, आणि ती धातूची, पाटीची नव्हे. त्या व्यवस्थेत भ्रष्टाचार नाही असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण कल्पना शहाणी आहे. यंत्राने जगण्याचा हक्क दरवर्षी नव्याने मिळवायचा.

इथे ते करायला नवं खातंही काढावं लागणार नाही. घरात घन इंधन जाळणाऱ्यांचं धुराडं दर तीन महिन्यांनी साफ झालं पाहिजे असा नियम आहेच. काळ्या पोशाखातला 'कोमिन्याश' येतो, साफ करतो, सही करतो. त्याला सांगा, वर्षातून एकदा दोर बघ, चकती बघ, धुराड्यात नळी घालून कार्बन मोनॉक्साइड मोज आणि आकडा लिही. आकडा वाईट आला तर एका महिन्यात दुरुस्त करा, नाहीतर बॉयलर बंद. असं केलं तर आमचा बॉयलर कदाचित याच वर्षी नापास होईल. होऊ दे.

"अरे, पण जे सगळं जाणारच आहे त्याच्या दुरुस्तीवर कशाला डोकं लावायचं?" हा सहकाऱ्याचा प्रश्न. उत्तर जे येतंय त्यात आहे. जुना बॉयलर कायमचा मोडीत काढून स्वच्छ साधन बसवायला २०१८ च्या सप्टेंबरपासून सरकारचा 'स्वच्छ हवा' नावाचा अनुदान कार्यक्रम आहे. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर तो अचानक थांबवला आणि २०२५ च्या मार्चअखेर नव्या अटींसह सुरू केला. त्यातून हीट पंपही बसतात. मी हीट पंपाच्या बाजूचा आहे. त्यात झिजणारं कमी आहे, जाळ नाही, राख नाही, आम्लाचं दव नाही. हे सगळं मान्य.

पण आमच्या रस्त्यावरच्या एका घरात बसवलेला हीट पंप गेल्या जानेवारीत बंद पडला. बसवणारी फर्म तोवर गायब झालेली. पडद्यावर एक कोड. बोर्ड बदलायचा तर तो मिळायला वेळ, आणि मिळाल्यावरही तो अधिकृत तंत्रज्ञाच्या लॅपटॉपने 'जुळवल्याशिवाय' चालत नाही. नऊ दिवस गेले. तीन दिवस त्यांनी विजेच्या शेगड्यांवर काढले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातली जुनी टाइल्सची चूल पेटली, जी पेटवायला बंदी आहे आणि जिला ना वर्ग आहे ना पाटी. त्यांनी त्यात काय जाळलं ते वासावरून कळत होतं. त्यांना दोष देण्याआधी उणे बारा अंशांत दोन लहान मुलं घेऊन बसून बघावं.

माझा मुद्दा हा आहे. गावात कोणालाच उघडता न येणारं स्वच्छ यंत्र बंद पडतं तेव्हा गाव थांबत नाही, गाव जाळ पेटवतं. यंत्र दुरुस्त होतं का, हा प्रश्न म्हणून हवेचा प्रश्न आहे. जुन्या वस्तूंवर जीव असलेल्या लोकांचा तो छंद नाही.

आणि ते 'जुळवणं' निसर्गनियमाने आलेलं नाही. तो कोड कोणीतरी लिहिला आहे. माझ्यासारख्याच कोणीतरी, चांगल्या पगारावर, एखाद्या स्प्रिंटमध्ये. त्यात बोर्डाचा अनुक्रमांक तपासणारी चार ओळींची अट टाकली, रिव्ह्यूमध्ये कोणी विचारलं नाही की ही कोणाच्या संरक्षणासाठी आहे. आम्ही ज्याला 'सपोर्ट संपला' म्हणतो ते काही झिजलेलं नसतं. तिथे पातं पातळ होत नाही, दोर कडक होत नाही. एका कॅलेंडरमध्ये कोणीतरी तारीख टाकतं. कोळशाच्या बॉयलरने निदान मरणाचं कारण हातात दिलं होतं.

यावर म्हणतात, सुरक्षेचं काय? वायूचा दाब असतो, वीज असते, कोणीही उघडून कसं चालेल? शीतक वायूच्या वाटेला परवानाधारकानेच जावं, यात वाद नाही. पण बाहेरचा पंखा, पाण्याचा पंप, तापमानाचा सेन्सर, कंट्रोल बोर्ड? कोळशाचा बॉयलर काही निरुपद्रवी नव्हता. जाळ मळसूत्री नळीतून मागे सरकत डब्यातल्या दोन क्विंटल कोळशापर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी नळीवर तापमानाचा सेन्सर असतो, आणि वर मेणाचं बूच, जे वितळलं की साठवलेलं पाणी आपोआप नळीत सुटतं. धोका होता म्हणून यंत्राला कुलूप घातलं नाही, त्याच्यात बूच बसवलं.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. देशांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. ज्या वस्तूंची दुरुस्ती करून देणं कंपन्यांना बंधनकारक होईल त्यांची यादी त्यात आहे. धुलाईयंत्र आहे, फ्रीज आहे, व्हॅक्यूम क्लीनर आहे, माझ्या खिशातला फोन आहे. निघताना केलेल्या त्या यादीत घर तापवणारं यंत्र नव्हतं. फोन बंद पडला तर मी दुसऱ्या दिवशी कामाला उशिरा पोचतो. एवढाच फरक यादी करणाऱ्यांच्या ध्यानात आला असता तरी पुरे होतं.

आजोबांनी उन्हाळ्यात हीट पंप बसवायचं ठरवलं आहे. फेब्रुवारीत त्यांनी विक्रेत्यांना बोलावलं आणि माझ्याकडून तीन प्रश्न छापील घेतले. पंखा, पंप आणि बोर्ड दहा वर्षं सुटे मिळतील हे लिहून द्याल का? बोर्ड बदलल्यावर तो कोणत्याही परवानाधारकाला चालू करता येईल का? कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर घर तापेल का? पहिला विक्रेता हसला. दुसऱ्याने आणखी सवलत देऊ केली. तिसऱ्याने पंखा आणि पंपाबद्दल सही करून दिली, सर्व्हरशिवायही यंत्र चालतं हे फोनचं इंटरनेट तोडून दाखवलं, आणि बोर्डाचं कंपनीला विचारून कळवतो म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले. परवा पुन्हा दगड आला, बोल्ट तुटला आणि आजोबा बरणी घेऊन खाली गेले.